किडनीच्या जुनाट आजारात हृदय आणि धमन्यांमधले कॅल्शियम: कोणती तपासणी निवडायची, कशी करायची, कशी वाचायची

किडनीच्या जुनाट आजारात, विशेषतः डायलिसिसवर, धमन्यांमध्ये आणि हृदयाच्या झडपांमध्ये कॅल्शियम लवकर आणि भरभर साचते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डायलिसिसवरच्या तरुणांचे सीटी स्कॅन केले होते. वीस वर्षांखालच्या एकाही रुग्णाच्या हृदयधमन्यांत कॅल्शियम नव्हते, पण २० ते ३० वयोगटातल्या १६ पैकी १४ जणांमध्ये ते सापडले. ज्यांचे स्कॅन पुन्हा झाले त्यांचा कॅल्शियम स्कोअर (सीटीवरून काढलेले कॅल्शियमचे गुण) सरासरी २० महिन्यांत जवळपास दुप्पट झाला होता.

एवढे वाचले की प्रत्येक रुग्णाचा सीटी काढावासा वाटतो. तसे करू नये. तपासणी लिहिण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर तयार हवे: कॅल्शियम दिसले तर या रुग्णाच्या बाबतीत आपण काय वेगळे करणार? फॉस्फेटची गोळी (अन्नातले फॉस्फेट रक्तात जाऊ न देणारी) बदलणार असू, प्रत्यारोपणाची तयारी करत असू, झडपेचा त्रास किती पुढे गेला ते ठरवायचे असेल, तर तपासणी करा. रुग्णाला धोका आहे हे माहीत आहे, औषधे आधीच नीट बसवली आहेत आणि निकाल काहीही आला तरी तीच राहणार आहेत, तर चित्र काढून फायदा नाही. केडिगो या किडनीच्या आजारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही याच धर्तीवर आहेत. २००९ साली आलेल्या आणि २०१७ साली सुधारलेल्या या सूचना आजाराच्या तिसऱ्या टप्प्यापासून डायलिसिसपर्यंतच्या रुग्णांसाठी पोटाचा लॅटरल (बाजूने काढलेला) एक्स-रे आणि झडपांसाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) हे सीटीला रास्त पर्याय मानतात. सगळ्यांना सरसकट तपासा, असे त्या सांगत नाहीत. मात्र कॅल्शियम आढळलेल्या रुग्णाला हृदयविकाराच्या सर्वांत जास्त धोक्याच्या गटात धरा, हे त्या स्पष्ट सांगतात.

कॅल्शियम कुठल्या थरात आहे

धमनीच्या भिंतीत कॅल्शियम दोन ठिकाणी बसते. आतल्या थरात ते चरबीच्या प्लाकबरोबर येते, ठिपक्यांसारखे आणि ओबडधोबड दिसते, आणि धमनी अरुंद करू शकते. मधल्या स्नायूंच्या थरात ते भिंतीच्या लांबीने पसरते. एक्स-रेवर ते रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर रेघांत दिसते. ही धमनी बंद होतेच असे नाही, पण ती ताठ होते. वरचा रक्तदाब चढतो, खालचा उतरतो आणि हृदयाच्या डाव्या कप्प्यावर भार पडतो. किडनीच्या आजारात हा दुसरा प्रकार फार आढळतो आणि अनेकदा दोन्ही एकत्र असतात.

मांडी, ओटीपोट आणि हाताच्या साध्या एक्स-रेवर हे दोन प्रकार बऱ्याच वेळा वेगळे ओळखता येतात. सीटीच्या स्कोअरमध्ये दोन्हींची बेरीज एकाच आकड्यात होते. म्हणून डायलिसिसच्या रुग्णाचा मोठा सीटी स्कोअर म्हणजे तेवढाच मोठा अडथळा, असा अर्थ लावता येत नाही.

आधी जुनी चित्रे काढा

नवीन तपासणी लिहिण्यापूर्वी रुग्णाची फाईल उघडा. डायलिसिसच्या रुग्णाचे काही ना काही चित्र बहुधा आधीच झालेले असते: मूतखड्यासाठी पोटाचा एक्स-रे, न्यूमोनियात छातीचा सीटी, बोटाच्या जखमेसाठी हाताचा एक्स-रे, स्तनांची मॅमोग्राफी. मॅमोग्राफीत दिसणाऱ्या धमन्यांच्या समांतर रेघा मधल्या थरातल्या कॅल्शियमच्याच असतात, आणि अहवालात त्यांचा उल्लेख बऱ्याचदा राहून जातो.

छातीचा साधा सीटी हृदयाच्या ठोक्याशी जुळवलेला नसला तरी त्यावर ढोबळ अंदाज करता येतो. डावी मुख्य, डावी पुढची, सर्कमफ्लेक्स आणि उजवी अशा चार धमन्या घ्या. कॅल्शियम नसेल तर ०, धमनीच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी लांबीत असेल तर १, दोन-तृतीयांशापर्यंत २, त्याहून जास्त असेल तर ३. बेरीज ० ते १२ मध्ये येते. बेरीज ८ किंवा ९ आली, तर खास कॅल्शियम स्कोअरसाठी पुन्हा सीटी काढून नवीन काही हाती लागणे कठीण आहे.

पोटाचा लॅटरल एक्स-रे

सुरुवात इथूनच करावी. ही तपासणी स्वस्त आहे, कुठेही होते, आणि नीट काढली तर उपचार ठरवायला बहुतेक वेळा पुरते.

रुग्णाला बाजूने उभे करा. उभे राहवत नसेल तर डाव्या कुशीवर झोपवा. हात डोक्याकडे वर घ्यायला सांगा, नाहीतर कोपर चित्रात येते. एक्स-रेची नळी आणि फिल्ममधले अंतर १ मीटर ठेवा. चित्रात कमरेचे चारही वरचे मणके आणि खाली त्रिकास्थीचा वरचा भाग दिसला पाहिजे, नाहीतर मणके मोजताना एकाची चूक होते आणि सगळे गुण सरकतात. श्वास सोडून रोखायला सांगा. मणक्यासाठी ठरवलेले एक्सपोजर कधीकधी जास्त पडते आणि मणक्यापुढची महाधमनी काळी होऊन जाते. डिजिटल चित्रात विंडो (उजेड-अंधाराची पातळी) बदलून मणक्यापुढचा मऊ भाग उजळून बघा. कागदावरच्या छपाईवरून गुण देऊ नका.

गुण कौप्पिला पद्धतीने द्या. कमरेच्या पहिल्या ते चौथ्या मणक्यासमोरच्या महाधमनीचे चार भाग करा. प्रत्येक भागाची हद्द मणक्याच्या वरच्या आणि खालच्या चकतीच्या मध्यापर्यंत धरा. प्रत्येक भागात पुढची आणि मागची भिंत वेगळी मोजा. कॅल्शियम नाही तर ०, भिंतीच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी लांबीत १, एक ते दोन-तृतीयांश २, त्याहून जास्त ३. एकूण आठ भिंती, म्हणून कमाल बेरीज २४.

उदाहरण घ्या. पहिल्या मणक्यासमोर काही नाही. दुसऱ्यासमोर पुढे १, मागे १. तिसऱ्यासमोर २ आणि २. चौथ्यासमोर ३ आणि २. बेरीज ११. अहवालात फक्त ११ लिहून थांबू नका, आठही आकडे लिहा. पुढच्या वेळी बदल कुठे झाला ते त्यावरूनच कळते. कॅल्शियम बहुधा खालून सुरू होते, चौथ्या मणक्यासमोर, आणि वर चढत जाते. फक्त वरच्या भागात कॅल्शियम आणि खाली काहीच नाही असे दिसले, तर मणके मोजण्यात चूक झाली आहे का ते आधी तपासा.

फसवणाऱ्या गोष्टी ओळखीच्या करून घ्या. मणक्याच्या पुढच्या कडेला वाढलेली हाडाची टोके मागच्या भिंतीतल्या कॅल्शियमसारखी दिसतात, पण ती मणक्याला चिकटलेली असतात. आतड्यातल्या वायूमुळे पुढची भिंत झाकली जाते. बरगड्यांच्या कूर्चेतले आणि लसिकाग्रंथींतले कॅल्शियम महाधमनीवर येऊन पडते. डायलिसिसच्या रुग्णांत खास लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे लँथॅनम कार्बोनेट. ही फॉस्फेटची गोळी एक्स-रेवर पांढरी दिसते आणि आतड्यात विखुरलेले चमकदार कण दाखवते. रुग्ण ती घेतो का, हे तंत्रज्ञाने आधी विचारून मागणीपत्रावर लिहावे. पेरिटोनियल डायलिसिस (पोटात द्रव भरून केलेले) असेल तर पोटातले द्रव आधी काढून घ्या, चित्र जास्त स्वच्छ येते. पाठीला बाक असेल तर दोन्ही भिंती एकमेकींवर येतात. अशा चित्राला आकडा देण्याऐवजी कॅल्शियम आहे किंवा नाही एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे.

ओटीपोट आणि हातांचा एक्स-रे

२००४ साली मांडलेली आद्रागाओ पद्धत आणखी सोपी आहे. ओटीपोटाच्या चित्रावर मांडीच्या दोन्ही हाडांच्या गोलाकार डोक्यांच्या वरच्या कडेवरून एक आडवी रेघ आणि मध्यभागी एक उभी रेघ ओढा, चार भाग होतात. प्रत्येक हाताच्या चित्रावर तळहाताच्या हाडांच्या वरच्या कडेवरून आडवी रेघ ओढा, दोन्ही हात मिळून आणखी चार भाग. ज्या भागात धमनीची रेघ दिसते त्याला १, नाहीतर ०. कमाल ८. तीन किंवा जास्त गुण मिळालेल्यांत हृदयविकार आणि मृत्यूचा धोका जास्त असल्याचे मूळ अभ्यासात दिसले.

हात बघण्याचा वेगळा फायदा आहे. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) करायचा असेल तर मनगटाच्या धमनीत किती कॅल्शियम आहे ते शल्यचिकित्सकाला आधीच कळते. ज्या हातावर फिस्टुला आहे त्या हाताच्या बोटांना काळपटपणा किंवा वेदना असतील, तर हे चित्र चुकवू नका.

झडपांसाठी इको

इथे वेळेला फार महत्त्व आहे. डायलिसिसच्या आधी शरीरात दोन-तीन लिटर पाणी जास्त असताना केलेला इको डावा कप्पा आणि झडपेवरचा प्रवाह मोठा दाखवतो. रुग्ण कोरड्या वजनावर (जास्तीचे पाणी काढल्यानंतरच्या वजनावर) असताना, शक्यतो दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी करा आणि त्या दिवशीचे वजन अहवालावर लिहा. केडीओक्यूआय या अमेरिकेतल्या किडनीविषयक मार्गदर्शक उपक्रमाच्या २००५ च्या सूचनेनुसार डायलिसिस सुरू झाल्यावर कोरडे वजन बसले की एक ते तीन महिन्यांत पहिला इको आणि पुढे दर तीन वर्षांनी, हा ढाचा आजही उपयोगी आहे. महाधमनीची झडप आधीच अरुंद असेल तर इतके थांबू नका. किडनीच्या आजारात ती सामान्य रुग्णांपेक्षा लवकर बिघडते.

इको यंत्राचा गेन (चित्राचा उजळपणा) जास्त ठेवला की प्रत्येक झडप चुन्याने भरलेली वाटते. आधी गेन इतका कमी करा की रक्ताचा भाग पूर्ण काळा दिसेल. जी जागा तरीही चमकते आणि जिच्या मागे काळी सावली पडते, तिथे कॅल्शियम. महाधमनीच्या झडपेला चार पायऱ्यांत मोजा: काही नाही, तुरळक लहान ठिपके, अनेक मोठे ठिपके, सर्व पाकळ्या जाड आणि कॅल्शियमने भरलेल्या. मायट्रल झडपेच्या (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) कड्यातले कॅल्शियम आखूड अक्षाच्या दृश्यात (हृदयाच्या आडव्या छेदात) बघा. ते बहुतेक वेळा मागच्या बाजूला असते. कड्याच्या घेराचा किती भाग व्यापला आहे ते लिहा. अर्ध्याहून जास्त असेल तर ते गंभीर.

दोन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. मायट्रलच्या कड्यातले कॅल्शियम कधी मधून मऊ होऊन गोल गाठीसारखे दिसते, आणि ते ट्यूमर किंवा पू समजून रुग्णाला घाईने शस्त्रक्रियेकडे पाठवले जाते. असे चित्र आले तर कॉन्ट्रास्टविना (रक्तवाहिन्या उठून दिसण्यासाठीच्या औषधाशिवाय) सीटी करा, कडेचे कॅल्शियम लगेच ओळखू येते. दुसरा गोंधळ कॅथेटरवरच्या रुग्णाला ताप आल्यावर होतो. झडपेवरचा चमकदार ठिपका जुने कॅल्शियम आहे की जंतुसंसर्गाची गाठ, हे जुन्या इकोशिवाय सांगता येत नाही. पहिला इको जपून ठेवण्याचे हे सर्वांत मोठे कारण.

फिस्टुलातून प्रवाह जास्त असेल तर झडपेवरचा वेग आणि दाबाचा फरक खोटाच वाढतो. ४ मीटर प्रति सेकंद वेग किंवा ४० मिलिमीटर सरासरी दाब-फरक हे गंभीर अरुंदीचे निकष या रुग्णांत एकट्याने वापरू नका. झडपेखालच्या आणि झडपेवरच्या वेगाचे गुणोत्तर काढा. ०.२५ पेक्षा कमी असेल तर अरुंदी खरी मानता येते. तरीही शंका उरली तर झडपेचा सीटी कॅल्शियम स्कोअर काढा: पुरुषांत २००० आणि स्त्रियांत १२०० पासून पुढे गंभीर अरुंदीची शक्यता बळावते. स्त्रियांची सीमा कमी आहे, हे विसरले तर त्यांचे निदान उशिरा होते.

सीटी कॅल्शियम स्कोअर

रुग्णाला सर्वांत आधी हे सांगा की या तपासणीत कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन नाही. उरलेली किडनी बिघडेल या भीतीने अनेक जण नकार देतात, आणि त्यांची भीती दुसऱ्या तपासणीबद्दलची असते. सुई टोचायची नाही, फिस्टुलाच्या हाताला काही करायचे नाही. किरणांची मात्रा आधुनिक यंत्रावर सुमारे १ मिलिसीव्हर्ट.

रुग्णाला उताणा झोपवा, हात डोक्यावर घ्या, ईसीजीच्या तारा लावा. ठोके जलद असतील तर हलल्यामुळे उजव्या धमनीतले कॅल्शियम पसरून दिसते, म्हणून त्या दिवशी चहा-कॉफी टाळायला सांगा आणि आधी दहा मिनिटे शांत बसू द्या. श्वास रोखण्याची एकदा रंगीत तालीम घ्या. श्वासनलिका जिथे दुभागते तिथपासून हृदयाच्या टोकाच्या खालपर्यंत स्कॅन करा. १२० किलोव्होल्ट, ३ मिलिमीटर जाडीच्या सलग चकत्या (चित्राचे काप), आणि ठोके संथ असतील तर ठोक्याच्या ६५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यानचा क्षण. मात्रा वाचवायला १०० किलोव्होल्टवर स्कॅन केला तर कॅल्शियम जास्त दाट दिसते आणि नेहमीची सीमा चुकते. चकत्या पातळ केल्या तरी आकडा बदलतो. प्रोटोकॉल बदलायचा नाही, हा इथला पहिला नियम.

१९९० साली मांडलेला अगाट्स्टन स्कोअर असा निघतो. १३० हाऊन्सफील्ड एककांहून (सीटीवरची घनता मोजण्याचे एकक) दाट आणि किमान १ चौरस मिलिमीटरचा ठिपका धरायचा. त्याच्या क्षेत्रफळाला सर्वांत दाट बिंदूवरून ठरलेल्या अंकाने गुणायचे: १३० ते १९९ ला १, २०० ते २९९ ला २, ३०० ते ३९९ ला ३, ४०० पासून पुढे ४. समजा एका धमनीत तीन चकत्यांवर ठिपके आहेत. ४ चौरस मिमी आणि १८० एकके, म्हणजे ४. ६ चौरस मिमी आणि ३४० एकके, म्हणजे १८. ५ चौरस मिमी आणि २६० एकके, म्हणजे १०. एकूण ३२. यात एक उणीव आहे. १९९ चे २०० झाले की तोच ठिपका दुप्पट मोजला जातो. म्हणून सोबत घनफळाचा स्कोअरही मागा, तो जास्त स्थिर असतो.

संगणकाने रंगवलेले ठिपके माणसाने तपासलेच पाहिजेत. मायट्रल कड्यातले कॅल्शियम सर्कमफ्लेक्स धमनीला अगदी खेटून असते आणि या रुग्णांत ते भरपूर असल्याने स्कोअर शेकड्यांनी फुगू शकतो. महाधमनीच्या मुळाशी भिंतीत असलेले कॅल्शियम धमनीच्या तोंडात मोजले जाते. स्टेंट, पेसमेकरची तार, बायपासच्या क्लिपा हे सगळे वगळावे लागते. स्टेंट असलेल्या धमनीचा स्कोअर देऊ नका, तसे अहवालात स्पष्ट लिहा.

सामान्य लोकांत ० म्हणजे कॅल्शियम नाही, १०० पर्यंत सौम्य, १०० ते ४०० मध्यम, ४०० च्या वर जास्त. डायलिसिसच्या रुग्णांत हजाराच्या पुढचे आकडे नेहमी दिसतात. वय आणि लिंगानुसार टक्केवारी सांगणारे तक्ते सामान्य लोकसंख्येवरून केलेले आहेत, ते डायलिसिसच्या रुग्णाला लावले तर जवळजवळ प्रत्येक जण वरच्या टोकाला जातो आणि माहिती शून्य मिळते. शून्य स्कोअर मात्र इथेही चांगली बातमी आहे, फक्त मऊ प्लाक त्यात दिसत नाही हे ध्यानात ठेवा.

मोठा आकडा बघून थेट अँजिओग्राफीकडे धावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया-सीकेडी चाचणीत प्रगत किडनीविकार आणि स्थिर हृदयविकार असलेले ७७७ रुग्ण होते. सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे उपचार केल्याने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका कमी झाला नाही. सीटी अँजिओग्राफीही इथे फारशी मदत करत नाही. दाट कॅल्शियम आपल्या आकारापेक्षा फुगून दिसते आणि अरुंदी खोटी वाढते. शिवाय कॉन्ट्रास्ट लागतो. लक्षणे असतील तर ताण देऊन केलेल्या तपासणीचा रस्ता धरा.

प्रत्यारोपणापूर्वीचा सीटी

इथे चित्राने निर्णय थेट बदलतो. नवी किडनी बहुधा बाहेरच्या इलियाक धमनीला (ओटीपोटातून पायाकडे जाणारी धमनी) जोडतात. तिथे सर्व बाजूंनी कॅल्शियमचे कडे असेल तर चिमटा बसत नाही, टाका धरत नाही. कॉन्ट्रास्टविना ओटीपोटाचा सीटी काढा, चकत्या १ ते ३ मिमी. प्रत्येक बाजूला कॅल्शियम किती लांबीत आहे, घेराचा किती भाग व्यापतो, पुढच्या भिंतीवर आहे की मागच्या, आणि चिमटा लावायला मऊ जागा कुठे उरली आहे, हे लिहा. मागच्या भिंतीवरचे कॅल्शियम बऱ्याचदा चालून जाते, पूर्ण कडे असलेले नाही. ‘धमन्यांत कॅल्शियम आहे’ एवढाच अहवाल शल्यचिकित्सकाच्या काही कामाचा नाही.

ताठरपणा मोजणाऱ्या तपासण्या

यात चित्र निघत नाही, पण मधल्या थरातल्या कॅल्शियमचा परिणाम मोजता येतो. मानेपासून जांघेपर्यंत नाडीची लाट किती वेगाने जाते ते मोजा. दोन जागांमधल्या सरळ अंतराला ०.८ ने गुणून वापरा. १० मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त वेग म्हणजे महाधमनी ताठ. पायाच्या घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढताना फिस्टुला नसलेला हात घ्या. गुणोत्तर १.४ च्या वर आले तर रक्तप्रवाह उत्तम आहे असे समजू नका. धमनी इतकी ताठ आहे की पट्ट्याने दाबली जात नाही. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजा. अंगठा-दंड गुणोत्तर ०.७ च्या खाली असेल तर पायाचा रक्तप्रवाह कमी आहे, आणि मधुमेही रुग्णाच्या पायाच्या जखमेत ही माहिती पाय वाचवते.

एमआरआयमध्ये कॅल्शियम काळे दिसते आणि मोजता येत नाही, या कामासाठी तो मागू नका. सोडियम फ्लोराइड पेट स्कॅन कॅल्शियम नुकते बसत असलेली जागा दाखवतो, तो सध्या संशोधनापुरता आहे.

पुन्हा कधी, आणि बदल खरा कसा ओळखायचा

तोच रुग्ण लागोपाठ दोनदा स्कॅन केला तरी सीटी स्कोअर १० ते २० टक्क्यांनी बदलू शकतो. म्हणून पुनर्तपासणी वर्षाच्या आत करू नये, आणि करायची तर त्याच यंत्रावर, त्याच प्रोटोकॉलने, शक्यतो त्याच वाचकाकडून. घनफळाच्या स्कोअरचे दोन्ही वेळचे वर्गमूळ काढा. फरक २.५ किंवा जास्त असेल तर वाढ खरी. ४०० चे ५२९ झाले, म्हणजे २० चे २३, वाढ खरी आहे. ४०० चे ४८४ झाले, म्हणजे २० चे २२, हा फरक मोजण्यातल्या चुकीत बसतो. टक्केवारीत हीच वाढ २१ टक्के दिसते आणि घबराट होते.

निकाल हाती आल्यावर

कॅल्शियम आढळले तर त्याच आठवड्यात औषधांची यादी समोर घ्या. कॅल्शियम असलेल्या फॉस्फेटच्या गोळ्यांची मात्रा कमी करा, शक्य तिथे कॅल्शियमविरहित गोळी द्या. व्हिटॅमिन डीच्या सक्रिय औषधामुळे कॅल्शियम किंवा फॉस्फेट चढत आहे का ते बघा. डायलिसिसच्या द्रावातले कॅल्शियम १.२५ ते १.५० मिलिमोल प्रति लिटर आहे का ते युनिटमध्ये विचारून खात्री करा. रुग्ण वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेत असेल तर ते खरोखर लागते का, हे हृदयतज्ज्ञांशी बोला. ते व्हिटॅमिन के अडवते आणि त्यामुळे कॅल्शियमला रोखणारे प्रथिन निकामी होते. कातडीवर दुखरे, जाळीदार, काळसर चट्टे असतील तर स्कॅनची वाट बघू नका. कॅल्सिफिलॅक्सिसचा (कातडीच्या बारीक धमन्यांत कॅल्शियम साचून कातडी मरण्याचा आजार) संशय धरून त्याच दिवशी दाखवा.

रुग्णाला हेही सांगा की साचलेले कॅल्शियम विरघळवणारे खात्रीचे औषध आज नाही, आणि पुढच्या स्कॅनमध्ये आकडा कमी झाला नाही म्हणजे उपचार फसले असे नाही. अहवालाची एक प्रत डायलिसिसच्या फाईलमध्ये, एक प्रत्यारोपणाच्या फाईलमध्ये, आणि मूळ चित्रे सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर रुग्णाकडे ठेवा.